प्रश्नोत्तरे : उसाच्या प्लेटी, गोळ्यांतलं ‘लाकूड’ आणि मशीन विकणारे

चवथ जवळ आली की सेल्युलोजबद्दलची, म्हणजे झाडांच्या तंतूंचा जो मूळ पदार्थ त्याबद्दलची, तीच तीच पत्रं येतात. एकदाची उत्तरं देऊन टाकतो.

कागदी कप म्हणजे निव्वळ सेल्युलोजच ना? (मडगाव)

नाही. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही.

गोळ्यांत लाकडाचा भुसा घालतात, असा मेसेज आला. आईची रक्तदाबाची गोळी बंद करू? (वास्को)

मुळीच नको! लाकडाच्या शुद्ध केलेल्या लगद्यावर सौम्य आम्लाची प्रक्रिया करून मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजची पांढरी भुकटी बनवतात. तिच्यामुळे गोळी बांधून राहते. ती पचत नाही, तशीच बाहेर पडते. शंका डॉक्टरांना विचारा, ग्रुपवर नको.

‘बांबूचा’ शर्ट अंगावरच्या पुरळाला चांगला, असं दुकानदार म्हणतो. (म्हापसा)

लेबल उलटून बघा, बहुधा ‘व्हिस्कोस’ लिहिलेलं असेल. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्याचा धागा ओढतात. हे दुसरं रसायन कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. लायोसेल (लगद्याचाच, पण वेगळ्या द्रावकात विरघळवून काढलेला धागा) बरं, त्यातला ९९ टक्के द्रावक परत वापरता येतो. पुरळासाठी मात्र त्वचेचे डॉक्टर गाठा.

घरामागे शेड आहे. उसाच्या चोथ्यापासून प्लेटी करायचं मशीन एजंट देतोय. ‘तयार माल आम्हीच उचलू’ म्हणतो, पण आठवड्यात आगाऊ पैसे मागतो. (सत्तरी)

भाऊ, पैसे देऊ नका. निदान आज तरी नको.

एजंट चोथा दाखवतो, पण मशीनला लागतो लगदा. गिरणीतून निघालेल्या चोथ्यात निम्मं पाणीच असतं. तो कॉस्टिकमध्ये शिजवून लिग्निन (तंतूंना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ) वेगळं काढावं लागतं, आणि मागे काळं पाणी उरतं. ते कुठे सोडणार, म्हादईत? म्हणून छोटे कारखाने लगद्याचे तयार तक्तेच विकत घेतात. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना बंद पडलेला, तेव्हा माल गोव्याबाहेरूनच येणार. ते वाहतुकीचं भाडं एजंटच्या हिशेबात आहे का?

आता माझं जुनं दुखणं. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. साध्या प्लेटीत गरम खतखतं वाढा, थोड्या वेळात बूड मऊ पडतं. तसं होऊ नये, तेल झिरपू नये म्हणून काहीजण लगद्यात फ्लोरिनयुक्त रसायनं मिसळतात. ती वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. वर शिक्का ‘शंभर टक्के नैसर्गिक’! लगद्यात काय घालता ते एजंटकडून लेखी घ्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा. पावसाळ्यात गठ्ठ्यांना बुरशी धरते, तेव्हा कोरडं कोठारही लागेल.

माल उचलण्याचा करार आधी वकिलाला दाखवा. परवानग्यांचं प्रदूषण नियंत्रण मंडळात जाऊन विचारा. एजंटचा ‘ओळखीचा माणूस’ तिथे चालत नाही.

नारळाच्या सोडणांतून सेल्युलोज काढता येईल? (काणकोण)

येईल, पण परवडणार नाही. कापूस नव्वद टक्के सेल्युलोज असतो, काथ्यात लिग्निनच भरमसाट. त्याच्या दोऱ्याच वळा.