कारचा जीपीएस बाईकला लावताय? आधी फ्यूज, मग बाकीचं

आता सगळे मोबाईलवरच रस्ता बघतात, त्यामुळे कारचे जुने जीपीएस घरात पडून असतात आणि ते कमी पैशात बाईकला कसे लावायचे हे विचारणारे सारखे येतात. प्रश्न तेच, गोंधळही तोच, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कंसात विचारणाऱ्याचा सोलापुरातला भाग आहे.

काचेवरचा सक्शन कप पेट्रोलच्या टाकीवर चिकटवला तर? (होटगी रोड)

नाही. पहिल्याच गतिरोधकाला खाली. यू-बोल्टचा हॅन्डल माउंट घ्या, बऱ्याच गाड्यांचा हॅन्डलचा पाईप २२ मिलिमीटरचा असतो पण आपला मोजूनच घ्या.

दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ पाऊच घेतला की झालं. खरं का? (नवी पेठ)

अर्धवट. बाईकसाठीच बनवलेल्या जीपीएसवर बहुतेक आयपीएक्स७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. कारच्या जीपीएसला असलं काही नसतं, आणि पाऊचमध्ये केबल जिथून आत जाते तिथूनच पाणी शिरतं, हे दुकानदार सांगत नाही. वरून आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर, त्यात बंद प्लास्टिक आणि चार्जिंग चालू, मग आतली लिथियम बॅटरी फुगणारच की. पाऊच फक्त पावसात वापरा. डिव्हाइसची पाठ वर आलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

मेकॅनिक म्हणतो जीपीएस पाच व्होल्टचा, फ्यूज कशाला, डायरेक्ट बॅटरीवरून देतो. देऊ का? (जुना पुणे नाका)

देऊ नका. हे 'डायरेक्ट' ऐकून ऐकून कान किटले. पाच व्होल्ट कन्व्हर्टरच्या (बॅटरीच्या १२ व्होल्टचे पाच करणाऱ्या डबीच्या) पुढे असतात हो, बॅटरीपासून कन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये पूर्ण १२ व्होल्ट असतात, गाडी चालू असली की १४ च्या आसपास. ती वायर टाकीखालून हॅन्डलपर्यंत जाते, हॅन्डल वळेल तशी घासते, आणि एक दिवस वरचं प्लास्टिक फाटून तांबं फ्रेमला टेकलं की बॅटरी आपली सगळी ताकद त्या बारक्या वायरीत ओतते, वायर लाल होते आणि वर पेट्रोल. गाडीचा मेन फ्यूज वाचवेल म्हणाल तर नाही, कारण तुम्ही जोडणी त्या फ्यूजच्या आधीच, थेट टर्मिनलवर केलेली असते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात पाहिजे, जीपीएसजवळ लावून उपयोग नाही, कारण तिथपर्यंतची वायर फ्यूजविनाच राहते. पाच व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे १० वॅट, १२ व्होल्टच्या बाजूला एक अँपिअरसुद्धा लागत नाही, दोन अँपिअरचा फ्यूज पुरे. तो उडाला तर वीसचा घालायचा नाही, कुठं घासलंय ते शोधायचं. सप्लाय चावीवर चालू-बंद होणारा घ्या, नाहीतर कन्व्हर्टर रात्रभर बॅटरी खात बसतो. बीएस६ गाडीची मूळ वायर कापायची नाही, वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. आणि हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पैसे वाचवायचे तर माउंटमध्ये वाचवा.

गार्मिन कंपनीच्या जीपीएसला साधी यूएसबी केबल लावली की कॉम्प्युटरचं चित्र येतं, नकाशा जातो. बिघडला का? (सात रस्ता)

बिघडला नाही. डेटा केबलमुळे त्याला कॉम्प्युटरला जोडल्यासारखं वाटतं. फक्त पॉवरची केबल घ्या, पण त्याच मॉडेलला चालते का ते विचारून.

धाराशिव सापडतच नाही. (बाळे)

उस्मानाबाद टाका. जुन्या नकाशात पुणे-हैदराबाद रस्तासुद्धा एनएच ९ दिसेल, आता तो ६५ आहे. नवीन नकाशा टाकून देतो म्हणून कोणी आधी पैसे मागत असेल तर समोर उघडून दाखवल्याशिवाय देऊ नका.

आवाज ऐकू येत नाही, इअरफोन घालू का? (आसरा चौक)

नको. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. निघायच्या आधी रस्ता बघून घ्या, अडलं तर कडेला थांबा.

कन्व्हर्टर हात लावू देत नाही इतका तापतो, थोडा वासही येतो. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (विजापूर रोड)

दिवाळीनंतर कशाला? आजच चावी काढा, बॅटरीवरची ती वायर सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि जीपीएसशिवाय गाडी घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. जमत नसेल तर हात लावू नका, त्यालाच घरी बोलवा, आणि तोपर्यंत गाडी चालू करू नका.