ठरावीक बजेटात जास्तीत जास्त ठिकाणं दाखवणारा प्लॅनर: डायक्स्ट्रा की ग्रीडी?

पाच-सहा हजारांत जास्तीत जास्त ठिकाणं बसवणारा, सहल आखून देणारा प्लॅनर (प्रोग्रॅम) लिहिताय आणि डायक्स्ट्रा घ्यावा की ग्रीडी, असं विचारलंय. दोन्ही नकोत. डायक्स्ट्रा ही पद्धत दोन गावांमधला सर्वात स्वस्त रस्ता काढते; कुठलं गाव गाळायचं हे ती ठरवत नाही. गावागावांमधल्या खर्चाचा तक्ता भरण्यापुरती वापरा. ग्रीडी, म्हणजे दर वेळी त्या क्षणी सर्वात फायद्याचं दिसेल ते उचलणारा, तर साध्या उदाहरणातच फसतो. बजेट १००० रुपये. प्रत्येक ठिकाणाला ते किती बघावंसं वाटतं त्याचे गुण. एका ठिकाणाचा खर्च १००, गुण २. दुसऱ्याचा खर्च १०००, गुण १०. रुपयामागे गुण बघितले तर पहिलं ठिकाण आधी उचललं जातं, उरतात ९०० आणि दुसरं हातचं जातं. दहाच्या जागी दोन गुण.

या प्रश्नाला ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम म्हणतात. तो एनपी-हार्ड आहे, म्हणजे ठिकाणं वाढली तरी नेमकं उत्तर झटपट काढणारी पद्धत कुणाला माहीत नाही, हे गोल्डन, लेव्ही आणि व्होरा यांनी १९८७ मध्येच दाखवलं. त्याने घाबरायचं कारण नाही. पंधरा ठिकाणांचे उपसंच ३२,७६८ होतात. 'कुठली ठिकाणं झाली आणि आत्ता कुठे आहोत' एवढी स्थिती धरून डायनॅमिक प्रोग्रॅमिंग केलं, म्हणजे प्रत्येक स्थितीचं उत्तर एकदाच काढून जपून ठेवलं आणि पुढे वापरलं, तर पाऊण कोटीच्या आत आकडेमोड संपते. लॅपटॉपला ते काहीच नाही.

पण मी लिहायला बसले ती 'बजेट' या शब्दामुळे. खर्च कसा धरताय हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं.

मी एका प्रवास कंपनीत होते तेव्हा आमचा प्लॅनर प्रत्येक टप्प्याला किलोमीटर गुणिले दर लावायचा आणि वर प्रत्येक रात्रीचं लॉजचं भाडं. त्याच सुमारास आई आणि मावशीचं साडेतीन शक्तिपीठं करायचं ठरलं. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर, वणी, निघायचं साताऱ्याहून. त्यांची रक्कम मी प्लॅनरला दिली. त्याने माहूर गाळलं. आई म्हणाली, "माहूर सोडून शक्तिपीठं कशी होतील गं?" आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे स्वतःच आखायला बसली. चार रकाने: गाडी, सुटते, पोचते, आणि शेवटचा 'झोप कुठे'. दोघींनी एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास काढायचं ठरवलं होतं. पास एकदा घेतला की पुढच्या किलोमीटरला पैसे पडत नाहीत, मग नांदेडच्याही पलीकडचं माहूर महाग कसं राहील? आणि माहूरहून परतताना नांदेडपासून पुढची रात्र तिने गाडीतच टाकली. त्या रकान्यात 'एसटीत' असं लिहिलंय. लॉजचं भाडं गेलं, वर दिवस वाचला. चारही ठिकाणं झाली, त्याच पैशांत.

ते पान मी ऑफिसात नेलं. आमचा टीम लीड म्हणाला, हा अपवाद आहे, आपला अल्गोरिदम बरोबर आहे. मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगते: कमी पैशांत फिरणाऱ्या माणसाचा अख्खा प्रवास असल्या 'अपवादां'वरच चालतो. पास, रात्रीची गाडी, भक्तनिवास, सवलत. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून तिकीटच नाही. म्हणजे एकाच रस्त्याचा खर्च आजीला वेगळा, नातवाला वेगळा. हे ज्याच्या तक्त्यात नाही, त्याचं उत्तर गणिताने कितीही अचूक असलं तरी ते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

म्हणून प्रोग्रॅम दोनदा चालवा. एकदा पासाशिवाय. एकदा पासाची किंमत बजेटातून आधीच वजा करून, एसटीचे सगळे टप्पे शून्य रुपयांचे धरून आणि पासाच्या दिवसांची मर्यादा घालून. जे सरस ते दाखवा. मुक्कामाचा खर्च टप्प्याला चिकटवू नका. रात्री माणूस कुठे आहे ते बघून लावा. आणि पैशांसोबत वेळही मोजायचा असल्याने प्रत्येक स्थितीला एकच 'सर्वात स्वस्त' आकडा पुरणार नाही. दोन अर्धवट आराखड्यांपैकी एक महागही आणि उशिराही असेल तरच तो टाकून द्या, नाहीतर दोन्ही ठेवा. आमच्याकडे नेमका स्वस्त तेवढाच ठेवायचे, त्यामुळे शेवटची गाडी चुकेल असे आराखडे उत्तर म्हणून यायचे. लीडला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

हे सगळं पंधरा-वीस ठिकाणांपर्यंतच. वीस ठिकाणांना उपसंच दहा लाखांवर जातात आणि वर पैसे-वेळेच्या जोड्या, तेव्हा त्यापुढे लोकल सर्च घ्या: एक ठिकाण काढा, दुसरं घाला, क्रम बदला, सुधारणा थांबेपर्यंत. ते उत्तर सर्वोत्तमच असेल याची हमी नसते, पण चालतं. देवळं दुपारी बंद असतील तर त्या वेळा घालाव्या लागतील. पासाचे दर गाडीच्या प्रकारानुसार वेगळे असतात आणि बदलतात, ते कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या फायलीत ठेवा.