मंगळ परत येतो तेव्हा नेमकं काय बघायचं

सगळे शनीच्या रिटर्नच्या (ग्रह जन्मावेळच्या जागी परत येणं) मागे लागतात, पण शनी एक फेरी साडेएकोणतीस वर्षांनी मारतो, त्याच्यावरून तू शिकणार कधी? नवीन असशील तर मंगळापासून सुरू कर. ६८७ दिवसांत राशीचक्र पूर्ण, म्हणजे साधारण दोन वर्षांनी जन्माच्या अंशावर (जन्मावेळी राशीत नेमका जिथे होता तिथे) हजर, आणि एनर्जी, ईर्षा, चिडचिड ही सगळी खाती त्याच्याकडेच मानतात.

एक गोष्ट लक्षात ठेव, नुसती रास बघू नकोस, अंश बघ, कारण मंगळ एरवी दीडेक महिन्यात रास सोडतो पण वक्री झाला (म्हणजे आकाशात उलटा चालताना दिसू लागला) की तिथेच घुटमळतो. समजा जन्माचा मंगळ कर्केत ५ अंशावर आहे, तर निरयन पंचांगाने (ताऱ्यांवरून राशी मोजणारं, आपल्याकडचं नेहमीचं) तो तिथून नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला, वक्री होऊन जानेवारी २०२५ मध्ये परत आला आणि मार्गी (पुन्हा सरळ) होऊन एप्रिलमध्ये पुन्हा गेला, तीनदा! अशा वेळी जोर एकदम येत नाही, सुरुवात होते, अडकतं, मग हलतं, असं जाणकार सांगतात आणि मला ते पटतं.

मागच्या दोन-तीन रिटर्नच्या तारखा काढ, पण आधी त्या महिन्यांत काय चालू होतं ते डायरीत लिही आणि मगच कुंडली उघड, उलटं केलंस तर हवं तेच सापडेल (हा रोग जुन्यांनाही आहे). आणि सतत थकवा असेल तर ग्रह राहू दे बाजूला, आधी डॉक्टरकडे जाऊन ये.