घरी मेल सर्व्हर लावलाय ना, मग आधी एवढं कर

भाऊ, मेल सर्व्हर घरी उभा केलास, भारी काम केलं, पण राऊटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायचं दार) उघडल्यावर जरा ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) बघ, रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन कोणी ना कोणी सारखं दार ठोकत असतं, म्हणून एसएसएचचं पासवर्ड लॉगिन आजच बंद कर, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाईल) ठेव, आणि की चालतेय हे दुसऱ्या टर्मिनलमधून बघितल्याशिवाय पहिलं सेशन सोडू नको. फेलटूबॅन पण टाक, ते सारखं चुकीचं लॉगिन करणाऱ्याचा आयपी अडवतं.

खरी भीती ओपन रिलेची, म्हणजे कोणीही उपरा आपल्या सर्व्हरमधून मेल पाठवू शकतो त्याची. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या मायनेटवर्क्समध्ये (लॉगिनशिवाय मेल पाठवू द्यायच्या आयपींची यादी) मी घरचं अख्खं १९२.१६८ वालं नेटवर्क टाकलं होतं आणि माझा राऊटर बाहेरचं कनेक्शन पण स्वतःच्याच आयपीने आत सोडायचा, म्हणजे सगळं जग घरचंच झालं ना, सकाळी बघतो तर क्यू (पाठवायच्या मेलची रांग) स्पॅमने भरलेली, आयपी ब्लॅकलिस्टमध्ये. त्या यादीत फक्त १२७.०.०.१ (म्हणजे सर्व्हर स्वतः) ठेव. मेलची पोर्टं अशी ठेव: पाठवायला ५८७ वर टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) आणि लॉगिन, वाचायला ९९३, बाहेरून मेल यायला २५, मेलची बाकी बंद. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लाव, मेल खरंच तुझ्या डोमेनवरून आलाय हे समोरच्याला त्यावरून तपासता येतं.

मे महिन्यात आपल्या जळगावकडे लाईट गेली तर घाबरू नको, तुला मेल पाठवणारा समोरचा सर्व्हर सहसा काही दिवस परत परत प्रयत्न करतो.