बांगडे तळू देणारी खोली मिळेल का?

पत्र: चिरंजीव हॉटेल मॅनेजमेंट करून चार वर्षं पणजीत नोकरीला आहेत. दोन ऑफर आल्यात. सिंगापूरहून महिना 3,500 सिंगापूर डॉलर, राहणं स्वतःचं. दुबईहून महिना 4,000 दिरहॅम, राहणं-जेवण हॉटेलचं. लग्नही ठरलंय. कुठल्या शहरात पगारात किती विकत घेता येतं, त्या क्रयशक्तीच्या याद्या पाहून डोकं चक्रावलं. कुठं पाठवू? (एक वडील, डिचोली)

उत्तर: नमस्कार. याद्या आधी बाजूला ठेवा. शहराची क्रयशक्ती काढतात ती तिथल्या सरासरी पगारावर, तुमच्या मुलाच्या पगारावर नव्हे. नंबिओ या वेबसाइटच्या राहणीखर्चाच्या आकड्यात तर घरभाडं धरतच नाहीत, आणि सिंगापुरात खिसा कापतं ते भाडंच.

सरकारी इमारतीतल्या फ्लॅटमधली एक खोली हजार डॉलरच्या आसपास पडते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या करारात ‘लाइट कुकिंग’ असं लिहिलं होतं. म्हणजे मॅगी उकळा, अंडी उकडा. बांगडे तळायचे नाहीत. गोव्याच्या पोराला ही शिक्षाच! मग दोन्ही वेळा हॉकर सेंटर, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार. ताट पाच-सहा डॉलरांत मिळतं, पण महिन्याला चारेकशे जातातच. प्रवास, फोन, किरकोळ खर्च आणि थोडा कर धरला, तर उरतात सोळाशेक डॉलर. म्हणजे लाखभर रुपये.

दुबईत पगारावर आयकर नाही. हातखर्चाला आठशे दिरहॅम धरले तरी पाऊण लाख रुपये उरतात. पगार रुपयांत मांडला तर सिंगापूर दुपटीहून जास्त दिसतं. शिल्लक मांडली की फरक पंचवीस-तीस हजारांवर येतो. शिवाय सिंगापूरचा प्रॉव्हिडंट फंड परदेशी माणसाला लागू नाही. दुबईत वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी सुरू होते, पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. चार हजारांतले बेसिक किती, हे आधी लेखी घ्या. ते पंधराशे निघालं तर ग्रॅच्युइटी नावापुरतीच.

आता सूनबाईंचं. सिंगापुरात पत्नीला सोबत ठेवायला पगार किमान 6,000 डॉलर लागतो. दुबईत 4,000 दिरहॅमवर पत्नीचा व्हिसा होतो, पण हॉटेलच्या बॅचलर खोलीत संसार कसा मांडणार? दोन-तीन वर्षं दोघांनी लांब राहायची तयारी असेल, तर माझा कौल सिंगापूरला. मात्र होकार देण्याआधी हे सूनबाईंना विचारलंय का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसत नाही.