आधी बाजू घे

बाळा,

तुझा एसे वाचला. ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट पद्धत बदलावी का?’, म्हणजे मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तोच खासदार ही ब्रिटनची पद्धत ठेवावी की मतांच्या प्रमाणात जागा देणारी आणावी, असा तीस मार्कांचा प्रश्न, चार पानं उत्तर, आणि शेवटी काय, तर “दोन्ही पद्धतींचे काही फायदे आणि काही तोटे आहेत.” टीचरने समासात नुसतं “मग?” लिहिलंय. तेवढ्यावरून तू हाफ टर्मनंतर पॉलिटिक्स सोडून मॅथ्स घेऊ का, इथवर पोचलीस.

मॅथ्स आवडत असेल तर खुशाल घे. पण “मला दोन्ही बाजू पटतात, म्हणजे हा विषय माझा नाही” हे कारण मी ऐकून घेणार नाही. पटू देत की दोन्ही. पटल्यावर बाजू घ्यायची असते.

एडेक्सेल या तुमच्या परीक्षा बोर्डाच्या त्या तीस मार्कांत दहा माहितीचे, दहा विश्लेषणाचे, दहा मूल्यमापनाचे. दोन्ही बाजू मांडणं सक्तीचंच आहे, ते तू नीट केलंस. पण कुठली बाजू जड आणि का जड, हे सांगितल्याशिवाय शेवटचे दहा हाती लागायचे नाहीत. तराजू घेतलास, दोन्ही पारडी भरलीस आणि काटा बघायच्या आधीच दुकान बंद केलंस.

माहिती सगळी तुझ्याकडे आहे, म्हणून तर चिडचिड होते. 2024 च्या पार्लमेंट निवडणुकीत लेबर पक्षाला 33.7 टक्के मतं आणि 650 पैकी 411 जागा. रिफॉर्म पक्षाला 14.3 टक्के मतं, जागा 5. त्यांच्याहून कमी, 12.2 टक्के मतं घेऊन लिबरल डेमोक्रॅट्सना 72. हे एका पानावर. पुढच्या पानावर लिहितेस की या पद्धतीत प्रत्येक मतदारसंघाला आपला हक्काचा खासदार मिळतो, आणि शिवाय 2011 च्या सार्वमतात लोकांनीच बदल नाकारला. अगं, मग या दोन पानांची गाठ घालून दे ना! हक्काचा खासदार हवाय? स्कॉटलंडकडे बघ. होलिरूडच्या, म्हणजे तिथल्या पार्लमेंटच्या, 129 जागांपैकी 73 मतदारसंघांतून येतात, 56 पक्षांच्या प्रादेशिक याद्यांतून. मतदारसंघाचा माणूस राहतो आणि मतांचं प्रमाणही बरंचसं सांभाळलं जातं. गेला तो मुद्दा. आणि 2011 ला मतपत्रिकेवर पर्याय होता ऑल्टरनेटिव्ह व्होटचा, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा. ती पद्धत प्रमाणशीर नाहीच. त्यामुळे त्या निकालावरून लोकांना प्रमाणशीर पद्धत नको होती, असं म्हणता येत नाही. बघ, काटा हलला की नाही?

उलटी बाजू घ्यायची असेल तर तीही घे. यादीतून आलेला माणूस पक्षाच्या मर्जीतला. त्याला घरी बसवायचं तर मतदाराने जायचं कुणाकडे? मला ही बाजू पटत नाही. पण तू ती ठामपणे लिहिलीस तर पैकीच्या पैकी देईन. तळ्यात-मळ्यात केलंस तर एकही नाही.

खरी गोम वेगळीच आहे, मला कळतं. तुमच्याकडे जेवताना इंडियातल्या निवडणुकांचा विषय निघाला की मामा आणि बाबांची जुंपते, आणि आई म्हणते, “राजकारण नको.” तू लहानपणापासून मान डोलवायला शिकलीस. तेच तुझ्या एसेत उतरलंय.

मंडळात मला भांडखोर म्हणतात, ठाऊक आहे. कारण काय, तर गणपतीत मी मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन फिरत होतो. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यालाही, इथे कायदेशीर राहत असेल तर, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. निम्म्या लोकांना पत्ताच नव्हता. उरलेले म्हणाले, “काका, प्रसाद घ्या आणि बसा. आपल्याला काय करायचंय इथल्या भानगडीत?” कौन्सिल टॅक्सच्या नावाने बोटं मोडायला मात्र हेच पुढे! मी बसलो नाही. पुढच्या गणपतीतही बसणार नाही. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

दादाभाई नौरोजी 1892 ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, अवघ्या 5 मतांच्या आघाडीने. गुळमुळीत बोलून सगळ्यांची मनं राखायचा मोह त्यांना झाला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण ते लिबरल पक्षाकडून उभे राहिले आणि आयर्लंडच्या होम रूलच्या बाजूने उघड बोलले. 1895 ला पडले. पडावं लागतं कधीकधी. बाजू घेणं फुकट नसतं, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो.

मला स्वतःला अकरावीला आर्ट्स हवं होतं. वडील म्हणाले, “का, मार्क कमी पडले का दहावीला?” मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मुकाट सायन्सचा फॉर्म भरला. इंजिनिअर झालो, बरं चाललं, तक्रार नाही. पण तेव्हा तोंड उघडून हरलो असतो तरी चाललं असतं, असं अजून वाटतं. कदाचित म्हणूनच आता लोकांना माझं तोंड बंद करावंसं वाटतं. असो.

तर मॅथ्स की पॉलिटिक्स, तेही तूच ठरव. “दोन्ही चांगलं आहे” असं मला लिहू नकोस. आणि तो एसे रविवारपर्यंत परत लिही. बाजू पहिल्याच वाक्यात हवी. कुठली, ते आधी सांगू नकोस. जी घेशील तिच्याविरुद्ध मी तासभर बोलणार आहे. आईला सांग, जेवायला थांबेन. आणि “राजकारण नको” म्हणाली तर तिच्याशीही वाद घालेन.

काका