गुलाम, वेठबिगार की नुसती 'उचल'?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आलाय. त्या अनुवादाचं काम करतात. ब्रिटनमधली एक मोठी दुकानसाखळी सोलापुरातून टॉवेल घेते. त्या कंपनीचं 'मॉडर्न स्लेव्हरी'विषयीचं वार्षिक निवेदन आणि कारखान्याच्या भिंतीवर लावायचा एक फलक, दोन्ही त्यांना मराठीत करायचं आहे. 'आधुनिक गुलामगिरी' असं लिहून नेलं तर कारखान्याचे व्यवस्थापक उखडले, "आमच्याकडे कोण गुलाम आहे हो?" आता बाई विचारतात, 'वेठबिगार' लिहू का 'दास्य'?

'दास्य' आधीच बाद करू. मराठीत दास होणं ही मिरवायची गोष्ट आहे. रामाचा दास, विठोबाचा दास. नवविधा भक्तीत दास्य हा एक प्रकारच आहे. 'आमच्या पुरवठा साखळीत दास्य नाही' असं वाक्य वाचून सोलापुरातल्या एखाद्या वारकऱ्याला वाईटच वाटायचं.

'गुलाम' मूळ अरबी, अर्थ मुलगा, पोरगा. जुन्या पिढीतल्या आज्या खोडकर नातवाला "गुलाम कुठला!" म्हणायच्या, तेव्हा तो शब्द नकळत आपल्या माहेरी जाऊन यायचा. पण आज गुलाम म्हटलं की डोळ्यांपुढे साखळदंड आणि लिलाव येतो, आणि व्यवस्थापकांचा राग तिथूनच आहे. खरं तर विकत न घेतलेल्या माणसाच्या अवस्थेलाही गुलामगिरी म्हणायची सोय जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच आपल्या पुस्तकाच्या नावात करून ठेवली आहे, आणि अर्पणपत्रिका लिहिली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना. तेव्हा निवेदनाच्या मथळ्यात 'आधुनिक गुलामगिरी' बिनधास्त ठेवा. वर्तमानपत्रांनी तो शब्द रुळवलाय.

आता 'वेठबिगार'. हा शब्द म्हणजे एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसलेले, बाजारहाट किंवा कागदपत्रं यांच्यासारखे. 'बिगार' फारसीतून आला. 'वेठ' आली संस्कृत 'विष्टि'पासून, प्राकृताच्या वाटेने. विष्टि म्हणजे राजाने रयतेकडून फुकट करून घेतलेलं काम. जुनागढच्या खडकावर क्षत्रप रुद्रदाम्याचा इ. स. १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. सुदर्शन तलावाचा बांध वादळात फुटला होता, तो दुरुस्त करून घेतला त्याची ही नोंद. त्यात राजा आवर्जून सांगतो की कर, विष्टि आणि 'प्रणय' म्हणजे मागून घेतलेल्या देणग्या, यांनी प्रजेला न पिडता, स्वतःच्या कोशातून हे काम केलं. बाई, तुमच्यापुढे जे निवेदन आहे ना, त्याचा हा पूर्वजच! आमच्या कामात वेठ नाही, असं काम करवून घेणाऱ्यानेच लिहायचं आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. खडकाची जागा आता संकेतस्थळाने घेतली, एवढंच. ब्रिटनच्या २०१५ च्या 'मॉडर्न स्लेव्हरी' कायद्याचं ५४ वं कलम ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना असं निवेदन दरवर्षी काढायला लावतं. गंमत म्हणजे 'आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत' एवढंच लिहिलं तरी त्या कलमाची अट पुरी होते.

बिगार तर थेट आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात जाऊन बसली आहे. २३ व्या कलमात इंग्रजी वाक्याच्या मधोमध 'बेगार' हाच शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरून आलेल्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करावं लागणारं काम याच कलमाखाली आणलं. का, तर गरज आणि भूक हीसुद्धा सक्तीच. चाबूक दिसलाच पाहिजे असं नाही.

तरीही फलकावर नुसतं 'वेठबिगार' लिहू नका, कारण या शब्दाची झीज झाली आहे. 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले' हे आपण इतक्या वेळा वाचतो की वेठीला धरणारा मालक असायचा हेच विसरून गेलो. आणि 'बिगारी' म्हणजे आता गवंड्याच्या हाताखाली रोजावर काम करणारा माणूस. संध्याकाळी तो आपला रोज मोजून घेतो. त्याला 'तू बिगारी म्हणून राबतोस, हे बेकायदा आहे' असं सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील.

ज्याच्यावर ही पाळी येते तो स्वतःला ना गुलाम म्हणतो ना वेठबिगार. तो म्हणतो, "उचल घेतलीय," म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला विचारून पहा. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यापुढे उचलीचा आकडा, मग खाडे, आणि हंगाम संपताना तोडणीची मजुरी वजा जाऊन राहिलेली बाकी. बाकी राहिली की पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. तमिळनाडूतल्या यंत्रमागांवर तर उचलीलाच 'बाकी' म्हणतात. वजाबाकीतला आपला साधा शब्द तिथे माणसाला मागाला बांधतो.

मुकादमावरून आठवलं. तुमच्या निवेदनात 'गँगमास्टर' येईल. २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये मोरकॅम्बच्या खाडीत शिंपले वेचणारे चिनी मजूर भरतीत बुडाले आणि त्याच वर्षी गँगमास्टरांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. याला 'टोळीप्रमुख' करू नका, दरोडेखोर वाटेल. सरळ मुकादम लिहा. इंग्रजीत 'गँग' मजुरांचीही असते आणि गुंडांचीही. आपल्या 'टोळी'चं तसंच आहे, पण मुकादमाबद्दल कुणाचा घोटाळा होत नाही.

१९७६ च्या आपल्या वेठबिगारीविरोधी कायद्याच्या व्याख्येत देशभरच्या प्रथांची नावं दिली आहेत: जीता, कामिया, हरवाई, सागरी, बेठू, वेट्टी. शेवटचे दोन आपल्या वेठीच्याच कुळातले. मला त्या यादीत 'लग्नगडी' नसल्याची चुटपुट लागते. डहाणू-तलासरीकडे वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा आणि मग तो आणि त्याची बायको दोघं ते कर्ज फेडण्यासाठी सावकाराकडे राबायची, तो लग्नगडी. १९४५ च्या वारली उठावाने वेठ आणि लग्नगडी या दोन्हींवर घाव घातला. आता याच्याशेजारी तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांची 'सुमंगली' योजना ठेवा. सुमंगली म्हणजे आपली सवाष्ण. कोवळ्या मुलींना साधारण तीन वर्षं गिरणीच्या वसतिगृहात ठेवायचं, जाण्यायेण्यावर बंधनं, आणि शेवटी एकरकमी पैसे, हुंड्याला उपयोगी पडतील असे. मुदत पुरी व्हायच्या आत सोडलं तर त्या रकमेवर पाणी. लग्नगडी आधी लग्न करून मग राबायचा, या मुली आधी राबतात. आणि ते सूत युरोपातल्या दुकानांच्या टीशर्टात जाऊन पोचतं. इतकं मंगल नाव दिल्यावर गुलामगिरी शोधणारा निरीक्षक काय डोंबल शोधणार?

सालगड्याला मात्र यात सरसकट ओढू नका. वर्षाचा करार करून राहिलेला, हिशोब चोख मिळणारा आणि पाडव्याला दुसरीकडे जाऊ शकणारा सालगडी हा नोकरच. जाऊ शकतो की नाही, एवढंच पाहायचं.

निवेदनातल्या बाकीच्या शब्दांबद्दल थोडक्यात. 'शून्य सहनशीलता' मराठीत चालत नाही, 'खपवून घेणार नाही' लिहा. 'व्हल्नरेबल' कामगारांना 'असुरक्षित' म्हणण्यापेक्षा 'अडलेले' म्हणा. अडल्या हरीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 'पुरवठा साखळी' ठेवायला हरकत नाही, फक्त 'साखळी मजबूत करणे' हे वाक्य या विषयात नको, भलताच अर्थ निघेल.

फलकावर मी मथळाच ठेवणार नाही. एवढंच लिहीन: 'उचल फिटली नाही म्हणून काम सोडता येणार नाही, असं कोणी सांगितलं तर ते बेकायदा आहे. कामाला लावल्याबद्दल मुकादमाला किंवा एजंटाला पैसे द्यायचे नाहीत. आधार कार्ड, पासबुक आणि एटीएम कार्ड तुमच्याजवळच राहील.' खाली तक्रारीचा फोन नंबर, आणि तो फोन कारखान्याच्या ऑफिसात वाजणारा नसावा.

आणि सोलापूर म्हणताय तर हे तेलुगूतही करून घ्या. टॉवेल विणणाऱ्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, आणि तेलुगूत 'वेट्टी' अजून आपल्या वेठीइतकी झिजलेली नाही.